मायएसक्यूएल ८: वेब सर्व्हरवरून हाताने लॉगिन केलं की अ‍ॅप चालू, डीबी रीस्टार्ट झाला की परत बंद

पतसंस्था_आयटी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस या एका गोष्टीने डोकं खाल्लंय म्हणून इथे विचारतोय, जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

एका पतसंस्थेचं काम बघतो मी. दोन सर्व्हर आहेत, दोन्ही उबंटूवर, एकाच लॅनमध्ये. वेब सर्व्हर १०.०.०.११ (त्यावर स्प्रिंग बूटचं जावा अ‍ॅप) आणि डीबी म्हणजे डेटाबेस सर्व्हर १०.०.०.१२ (मायएसक्यूएल). डीबी आधी ५.७ होता, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला म्हणून आम्ही आहे त्याच मशीनवर ८.० वर अपग्रेड केला. त्यानंतर नवीन अ‍ॅपसाठी नवीन यूजर बनवला, समजा त्याचं नाव 'खाते', होस्ट '१०.०.०.११', आणि फक्त आमच्या डेटाबेसवर सिलेक्ट इन्सर्ट अपडेट डिलीट एवढेच हक्क दिले.

आता प्रॉब्लेम. रविवारी रात्री बॅकअप होतो, मग डीबी सर्व्हर रीबूट होतो. सोमवारी सकाळी शाखा उघडली की अ‍ॅप बंद. स्क्रीनवर येतं 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस'. काउंटरवर म्हातारी माणसं पासबुक घेऊन उभी असतात आणि इकडे फोनवर फोन. मग मी वेब सर्व्हरवर जातो, टर्मिनलमधून मायएसक्यूएल क्लायंटने त्याच 'खाते' यूजरने, तोच पासवर्ड टाकून डीबीला लॉगिन करून बघतो, लगेच लॉगिन होतं! आणि खरी गंमत पुढे आहे, मी हे लॉगिन केलं रे केलं की अ‍ॅपसुद्धा आपोआप चालू होतं. अ‍ॅप रीस्टार्ट केलेलं नसतं, कुठली फाइल बदललेली नसते.

हेच लॉगिन मी डीबी सर्व्हरवर बसून रूटने केलं तर काही फरक पडत नाही. वेब सर्व्हरवरूनच करावं लागतं. आणि रिपोर्टचं जुनं अ‍ॅप आहे, त्याचा यूजर ५.७ च्या काळातला, ते त्याच वेब सर्व्हरवरून त्याच डीबीला सोमवारी सकाळी व्यवस्थित चालतं.

एकदा तर भर दुपारी, डीबी रीस्टार्ट वगैरे काही नसताना, अ‍ॅप हळूहळू अर्ध्या तासात बंद पडलं, आधी एखाद्याला एरर, मग सगळ्यांना. परत हाताने लॉगिन, परत चालू.

सध्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवतो तो) सोमवारी सकाळी लॉगिन करणारी स्क्रिप्ट टाकून ठेवलीय, पण हे काही उत्तर नाही. लोकांच्या पैशांचा मामला आहे, कारण कळलं पाहिजे.

लॅन_वाला:

दादा पहिल्यांदा साधं तपासा. डीबी सर्व्हरवर बाइंड-अ‍ॅड्रेस (डीबी कुठल्या पत्त्यावर कनेक्शन ऐकतो तो) काय आहे? उबंटूवर तो मूळचा १२७.०.०.१ असतो, म्हणजे बाहेरचं कुणाला आत घेतच नाही. 'एसएस -एलटीएन' मारून ३३०६ (मायएसक्यूएलचं पोर्ट) समोर काय दिसतं ते बघा, १२७.०.०.१ दिसलं तर तिथेच गडबड. मग यूएफडब्ल्यू (उबंटूचा फायरवॉल) मध्ये १०.०.०.११ ला ३३०६ वर परवानगी आहे का. वेब सर्व्हरवरून 'एनसी -झेडव्ही १०.०.०.१२ ३३०६' करून बघा.

रीबूटनंतरच होतंय म्हणजे मला फायरवॉलचे नियम सेव्ह न केल्याचा संशय येतोय. आणि काहीच नाही जमलं तर यूजरचा होस्ट '%' करून टाका, निदान सोमवार सकाळ तरी निभेल.

डीबीए_मावशी:

लॅन_वाला, नेटवर्क तपासायचा सल्ला बरोबर आहे पण या केसमध्ये ते नाहीये, प्रश्नातच उत्तर आहे. जुनं रिपोर्ट अ‍ॅप त्याच मशीनवरून त्याच पोर्टवर चालतंय, हाताने लॉगिनही होतंय, म्हणजे रस्ता मोकळा आहे. फायरवॉल यूजरचं नाव बघून अडवत नाही.

आणि '%' करायचा सल्ला कृपा करून पतसंस्थेच्या डीबीला देऊ नका. '%' म्हणजे कुठल्याही पत्त्यावरून या. एरर कळत नाही म्हणून दरवाजा मोठा करायचा ही सवय फार जणांना आहे आणि नंतर तो दरवाजा कुणी परत लहान करत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मी एररचे नंबर लावून देते, पुढे कुणाला उपयोगी पडेल. २००३ आला तर तुम्ही डीबीपर्यंत पोचलेलाच नाहीत, कंसात १११ असेल तर तिकडे कुणी ऐकत नाहीये (बाइंड-अ‍ॅड्रेस किंवा सर्व्हिस बंद), ११० असेल तर बहुतेक फायरवॉल पॅकेट गिळतोय. ११३० आला म्हणजे पोचलात पण तुमच्या पत्त्यासाठी एकही यूजर नाही. १०४५ म्हणजे यूजर किंवा पासवर्ड किंवा होस्ट यातलं काहीतरी जुळलं नाही, आणि या एररमध्ये अ‍ॅट नंतर जो पत्ता छापलेला असतो तो नीट वाचा, कारण सर्व्हरला तुम्ही कुठून आलात असं वाटतंय ते तिथे लिहिलेलं असतं, तुम्हाला काय वाटतं ते नाही. मध्ये नॅट (राउटरने वाटेत आयपी बदलणं) असेल किंवा मशीनला दोन नेटवर्क कार्ड असतील तर तिथे भलताच आयपी दिसतो. १०४४ म्हणजे लॉगिन ठीक, त्या डेटाबेसवर हक्क नाही. ११४२ म्हणजे त्या टेबलवर ती कमांड चालवायचा हक्क नाही.

पतसंस्था_आयटी, तुम्ही जो एरर दिलाय तो या यादीतला नाही, तो मायएसक्यूएलचा नाहीच. तो हिकारी पूलचा आहे (अ‍ॅपमधला, डीबीची कनेक्शनं तयार ठेवणारा भाग), पूलला ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही एवढंच तो सांगतो, का मिळालं नाही ते खाली 'कॉज्ड बाय' मध्ये असतं. लॉग उघडा आणि सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' इथे टाका. सोबत वेब सर्व्हरवरून हाताने लॉगिन करून हे चालवा:

सिलेक्ट यूजर(), करंट_यूजर();

आणि डीबीवर रूटने हे:

सिलेक्ट यूजर, होस्ट, प्लगिन फ्रॉम मायएसक्यूएल.यूजर;

पहिल्या कमांडमध्ये यूजर() म्हणजे तुम्ही कोण म्हणून आलात, आणि करंट_यूजर() म्हणजे सर्व्हरने तुम्हाला टेबलमधल्या कुठल्या ओळीवर बसवलं. मायएसक्यूएलमध्ये 'खाते'@'लोकलहोस्ट' आणि 'खाते'@'१०.०.०.११' ही दोन पूर्ण वेगळी खाती आहेत, पासवर्ड वेगळे, हक्क वेगळे. एकापेक्षा जास्त ओळी जुळत असतील तर सर्व्हर सगळ्यात नेमका होस्ट असलेली ओळ आधी घेतो, १०.०.०.११ आधी, मग १०.०.०.%, मग %. आणि एकदा ओळ ठरली की पासवर्ड तिचाच तपासतो, तो चुकला तर पुढची ओळ बघत नाही. म्हणून '%' वाल्या यूजरचा पासवर्ड बरोबर असूनही लोकांना १०४५ येतो.

पतसंस्था_आयटी:

मावशी खूप आभार. लॉगमध्ये सगळ्यात खाली हे आहे: 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड'. मी आत्तापर्यंत वरचाच एरर बघत होतो कारण स्टॅक ट्रेस भला मोठा आहे.

यूजर() आणि करंट_यूजर() दोन्हीत खाते@१०.०.०.११ येतंय. प्लगिनच्या (म्हणजे पासवर्ड तपासायच्या पद्धतीच्या) कॉलममध्ये जुन्या रिपोर्टच्या यूजरसमोर मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड आणि 'खाते' समोर कॅशिंग_शा२_पासवर्ड आहे. बाइंड-अ‍ॅड्रेस १०.०.०.१२ आहे, एनसी पण लागतं. अ‍ॅपच्या कनेक्शन यूआरएलमध्ये शेवटी 'यूजएसएसएल=फॉल्स' आहे, ते आधीच्या माणसाने टाकलेलं.

जावा_आणि_चहा:

गूगल केलं तर लगेच मिळेल, यूआरएलमध्ये 'अलाउपब्लिककीरिट्रीव्हल=ट्रू' टाका, झालं काम. आमच्याकडे सगळीकडे तेच आहे. नाहीतर यूजरला नेटिव्ह पासवर्डवर न्या, एक ऑल्टर यूजर मारला की संपलं.

डीबीए_मावशी:

थांबा थांबा, दोन्हीपैकी काहीही करू नका. आता सगळं चित्र स्पष्ट झालंय, नीट सांगते.

८.० पासून नवीन यूजरला डीफॉल्ट प्लगिन कॅशिंग_शा२_पासवर्ड मिळतं. अपग्रेडमध्ये जुने यूजर आपल्या जुन्या प्लगिनवरच राहतात, म्हणून तुमचं रिपोर्ट अ‍ॅप सुखात आहे आणि नवीन अ‍ॅप रडतंय. नेटवर्क तेच, मशीन तेच, प्लगिन वेगळं.

या प्लगिनच्या नावातच कॅशिंग आहे ना, तिथेच सगळं दडलंय. एखादं खातं सर्व्हर सुरू झाल्यापासून पहिल्यांदा लॉगिन करतं तेव्हा सर्व्हरकडे फक्त डिस्कवरचा मजबूत हॅश (पासवर्डचा उलटा न फिरवता येणारा ठसा) असतो, तो पडताळायला सर्व्हरला खरा पासवर्ड लागतो, आणि खरा पासवर्ड उघड्या तारेवरून पाठवायचा नाही असा नियम. म्हणजे एकतर टीएलएस (म्हणजेच एसएसएल, एन्क्रिप्टेड) कनेक्शन हवं, किंवा त्याच मशीनवर असाल तर युनिक्स सॉकेट हवं, किंवा मग सर्व्हरची आरएसए पब्लिक की (सगळ्यांना देता येणारी किल्ली) घेऊन पासवर्ड तिने कुलूपबंद करून पाठवायचा. यातल्या एका मार्गाने एकदा पूर्ण पडताळणी झाली की सर्व्हर त्या खात्याची नोंद मेमरीत ठेवतो, आणि मग पुढच्या लॉगिनला खऱ्या पासवर्डची गरज नसते, साध्या कनेक्शनवरूनही झटपट पडताळणी होते.

आता तुमची सोमवार सकाळ बघा. रीबूट झाला, मेमरी रिकामी. अ‍ॅप 'यूजएसएसएल=फॉल्स' घेऊन आलं, म्हणजे टीएलएस नाही. सर्व्हर म्हणाला पूर्ण पडताळणी करू, ड्रायव्हर (अ‍ॅपचा डीबीशी बोलणारा भाग) म्हणाला मग मला पब्लिक की मागावी लागेल आणि ती मागायची मला परवानगी नाही. तोच तुमचा एरर. मग तुम्ही हाताने लॉगिन केलं. ८.० चा कमांडलाइन क्लायंट न सांगता टीएलएस वापरून बघतो, ते जमलं, पूर्ण पडताळणी झाली, खात्याची नोंद मेमरीत गेली. आणि पुढच्या क्षणी अ‍ॅपचं साधं कनेक्शनही चालायला लागलं.

वेब सर्व्हरवरूनच का करावं लागतं? कारण ही नोंद यूजर आणि होस्ट अशा जोडीची असते. डीबीवर बसून रूटने लॉगिन केलं तर नोंद झालीच तर रूटची, 'खाते'@'१०.०.०.११' ची नाही. त्यामुळे वरवर बघता होस्टचा किंवा नेटवर्कचा घोळ वाटतो आणि माणूस फायरवॉल उकरत बसतो.

दुपारचा किस्सा तर मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी कुणीतरी डीबीवर नवीन यूजर बनवला होता का किंवा हक्क बदलले होते का आणि नंतर सवयीने फ्लश प्रिव्हिलेजेस (हक्कांची टेबलं परत वाचायला लावणारी कमांड) मारलं होतं का, ते विचारा. फ्लश प्रिव्हिलेजेसने ही मेमरीतली सगळ्या खात्यांची नोंद पुसली जाते. चालू कनेक्शन तुटत नाहीत, पण हिकारी पूल डीफॉल्टने एक कनेक्शन जास्तीत जास्त ३० मिनिटं ठेवतो, मग जुनं टाकून नवीन मागतो. नवीन मिळेना, जुनी एकेक करून संपली, आणि अर्ध्या तासात पूल रिकामा. 'हळूहळू बंद पडलं' असं तुम्ही लिहिलंत तेव्हाच मला हा संशय आला होता.

आणि हे सगळ्यांसाठी, क्रिएट यूजर, ग्रँट, रिव्होक, ऑल्टर यूजर यांच्यानंतर फ्लश प्रिव्हिलेजेस लागतच नाही. ते फक्त मायएसक्यूएल.यूजर सारख्या टेबलांमध्ये थेट इन्सर्ट अपडेट केलं तरच. जुन्या ट्युटोरियलमधून ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आलीय.

सिद्ध करायचं असेल तर शाखा बंद झाल्यावर हे करा. डीबीवर फ्लश प्रिव्हिलेजेस मारा. मग वेब सर्व्हरवरून क्लायंटला --एसएसएल-मोड=डिसेबल्ड देऊन 'खाते' ने लॉगिन करा, २०६१ एरर येईल, 'ऑथेंटिकेशन रिक्वायर्स सिक्युअर कनेक्शन'. मग तो पर्याय काढून साधं लॉगिन करा, होईल. मग परत डिसेबल्ड देऊन करा, आता तेही होईल.

जावा_आणि_चहा:

मावशी पटलं, पण मग अलाउपब्लिककीरिट्रीव्हल मध्ये वाईट काय आहे? एरर तर जातो.

डीबीए_मावशी:

एरर जातो, पण ड्रायव्हरवाल्यांनी ते मुद्दाम बंद ठेवलंय. ट्रू केलं की समोरचा जो कुणी आपली की देईल ती ड्रायव्हर विश्वासाने घेतो. मध्ये कुणी बसला असेल आणि त्याने स्वतःची की पुढे केली तर पासवर्ड त्याच्या हातात उघडा पडतो. घरच्या लॅपटॉपवर शिकताना ठीक आहे. आणि की मिळाली तरी पुढचा सगळा डेटा, खातेदारांची नावं, शिल्लक, सगळं लॅनवरून उघडंच जातंय, कारण टीएलएस बंदच आहे. मधला ट्रॅफिक कुणी पकडला तर सरळ वाचता येईल.

नेटिव्ह पासवर्डचं म्हणाल तर तो जुना शा१ वाला, त्यात सॉल्टसुद्धा (प्रत्येक हॅशमध्ये मिसळायचा वेगळा मजकूर) नाही, दोन यूजरचा पासवर्ड एकच असेल तर टेबलमध्ये हॅशही एकच दिसतो. आणि ८.४ मध्ये तो डीफॉल्टने बंद आहे, ९.० मध्ये तर काढूनच टाकलाय. म्हणजे आज तिकडे गेलात तर पुढच्या अपग्रेडला हाच धागा परत उघडावा लागेल. तुमच्या रिपोर्टच्या जुन्या यूजरलाही हळूहळू नवीन प्लगिनवर न्या, तो आज चालतोय म्हणून विसरू नका.

लॅन_वाला:

हे माहीत नव्हतं, मी आता माझ्याकडच्या क्लायंटच्या यूआरएल बघतो. 'यूजएसएसएल=फॉल्स' सगळीकडे का असतं पण?

डीबीए_मावशी:

५.७ च्या काळात कनेक्टरजे ड्रायव्हर प्रत्येक कनेक्शनला लॉगमध्ये इशारा छापायचा की सर्व्हरची ओळख न तपासता एसएसएल वापरणं बरं नाही. इशारा बंद करायला लोकांनी एसएसएलच बंद केलं, आणि ती यूआरएल प्रोजेक्टमागून प्रोजेक्ट कॉपी होत राहिली.

आता करायचं काय ते. 'यूजएसएसएल=फॉल्स' काढा आणि 'एसएसएलमोड=रिक्वायर्ड' टाका. ८.० चा सर्व्हर सुरू होताना डेटा फोल्डरमध्ये स्वतःची सर्टिफिकेटं बनवतो, ती कुणी बंद केलेली नसतील तर तुम्हाला डीबीवर काही करावं लागणार नाही. अ‍ॅप रीस्टार्ट करा. तपासायला शो स्टेटस लाइक 'एसएसएल_सायफर' अ‍ॅपच्या कनेक्शनमधून चालवा, समोर सायफरचं नाव आलं पाहिजे, रिकामं आलं तर टीएलएस लागलेलं नाही.

रिक्वायर्डमध्ये तारेवरचा डेटा कुलूपबंद होतो पण समोरचा सर्व्हर तुमचाच आहे का ते तपासलं जात नाही. पुढची पायरी व्हेरिफाय_सीए, त्यात सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं जातं. त्यासाठी डीबीच्या डेटा फोल्डरमधली सीए.पेम फाइल वेब सर्व्हरवर न्या, जावाच्या कीटूलने ट्रस्टस्टोर (विश्वासाच्या सर्टिफिकेटांची फाइल) बनवा आणि त्याचा पत्ता यूआरएलमध्ये द्या. फक्त सीए.पेम न्यायची, नावात 'की' असलेल्या फायली जागच्या हलवायच्या नाहीत. व्हेरिफाय_आयडेंटिटी या आपोआप बनलेल्या सर्टिफिकेटांवर चालणार नाही, कारण त्यात तुमच्या सर्व्हरचं नाव नसतं.

सगळं नीट चाललं की शेवटी डीबीवर ऑल्टर यूजर करून 'खाते' ला रिक्वायर एसएसएल लावा. हे शेवटीच लावा हं, कारण नंतर साधं कनेक्शन आलं तर सर्व्हर सरळ १०४५ देतो, पासवर्ड चुकल्यासारखा, आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो.

रॉकी_लिनक्स_पुणे:

मध्येच विचारतो, माझंही असंच पण उलटं आहे. पीएचपी साइट, रॉकी लिनक्स, डीबी दुसऱ्या मशीनवर. टर्मिनलमधून लॉगिन कायम होतं, साइटवरून कधीच नाही, २००३ आणि कंसात १३.

डीबीए_मावशी:

कंसातला १३ म्हणजे परमिशन डिनाइड, आणि तो तुमच्याच वेब सर्व्हरचा आहे, पॅकेट मशीनबाहेर पडलंच नाही. एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था) अपाचे वेब सर्व्हरला बाहेरच्या डीबीशी बोलू देत नाही. एक स्विच आहे:

सेटएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी ऑन

-पी विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर परत जाईल. एसईलिनक्स अख्खं बंद करू नका, या एकाच परवानगीने काम होतं.

पतसंस्था_आयटी:

मंडळी, तुम्ही सांगितलं तसं शाखा बंद झाल्यावर करून बघितलं, फ्लश, डिसेबल्ड, २०६१, साधं लॉगिन, परत डिसेबल्ड, अगदी जसंच्या तसं झालं. आणि त्या दुपारचंही कळलं, ऑडिटरसाठी फक्त वाचायचा यूजर बनवून दिला होता आणि त्या नोट्समध्ये शेवटची ओळ फ्लश प्रिव्हिलेजेसच आहे. ती ओळ आता नोट्समधून काढलीय.

एसएसएलमोड=रिक्वायर्ड टाकलंय, सायफरचं नाव येतंय, मुद्दाम डीबी रीस्टार्ट करून बघितला, अ‍ॅप आपोआप जोडलं गेलं. क्रॉनमधली स्क्रिप्ट काढून टाकली, तिच्यात पासवर्डही उघडा लिहिलेला होता. ट्रस्टस्टोरचं या आठवड्यात करतो.

एकच शेवटचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या इमारतीत रेप्लिका (डीबीची सतत अपडेट होणारी प्रत) उभी करायचीय. तिकडेही हेच होईल का?

डीबीए_मावशी:

हो, आणि तिथे जास्त लोक अडकतात. रेप्लिका सर्व्हर हा सोर्सच्या (मूळ डीबीच्या) दृष्टीने एक क्लायंटच आहे आणि रेप्लिकेशनचं कनेक्शन डीफॉल्टने टीएलएस वापरत नाही. त्यामुळे नवीन यूजरने जोडायला गेलात की तोच २०६१. चेंज रेप्लिकेशन सोर्स टू मध्ये सोर्स_एसएसएल=१ द्या, दोन इमारतींच्या मधून डेटा जाणार आहे तेव्हा ते हवंच. गेट_सोर्स_पब्लिक_की=१ असाही पर्याय दिसेल, तो वर सांगितलेल्या जावाच्या पर्यायाचाच भाऊ आहे.

रेप्लिकेशनसाठी वेगळा यूजर करा, होस्ट म्हणून रेप्लिकाचाच आयपी, आणि हक्क फक्त रेप्लिकेशन स्लेव्ह. हा हक्क एका डेटाबेसवर देता येत नाही, *.* वरच द्यावा लागतो, ते बघून घाबरू नका, त्याने टेबलं वाचता येत नाहीत पण बिनलॉग (डीबीतल्या बदलांची नोंदवही) मिळतो, आणि बिनलॉगमध्ये सगळे व्यवहार असतात, म्हणून पासवर्ड भक्कम ठेवा आणि रिक्वायर एसएसएल पहिल्या दिवसापासून. दोन इमारतींच्या मध्ये राउटर असेल तर नॅट होतंय का ते आधी बघा, सोर्सला रेप्लिका कुठल्या आयपीवरून दिसते त्याच आयपीचा यूजर लागेल. एकदा चुकीच्या यूजरने जोडायचा प्रयत्न केलात तर १०४५ किंवा ११३० मध्ये तो आयपी छापून येईलच, तो उचला आणि यूजर बनवा.